फड म्हणजे कोण? नारायणगावकरांच्या तमाशाची वाटचाल आणि आपली समीक्षा



फाल्गुन संपत आला. पाडवा आठ-दहा दिवसांवर आहे, आणि आपल्या भागातल्या यात्रा कमिट्या आता नारायणगावच्या वाटेला लागतील. काही लागल्याही असतील. इथून पेठेतून निघायचं, मंचर आणि कळंब मागे टाकायचं, की पुढे नारायणगावात राहुट्या उभ्या दिसतात. प्रत्येक राहुटीवर फलक असतो, आत टेबल आणि तारखांची वही असते. कोणत्या गावाला कोणती रात्र द्यायची, सुपारी किती, इसार किती, हे तिथे ठरतं. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. आज त्या फलकावरच्या नावाकडे जरा थांबून बघू या, एवढीच आमची विनंती आहे.

विषय आहे एका फडाची कारकीर्द. ‘नारायणगावकर’ हे नाव गेली कित्येक दशकं तमाशाच्या फलकावर आहे. आधी भाऊ-बापू मांग नारायणगावकर, मग विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. विठाबाईंची लेक मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला. माणसं आली, गेली, वारली, वेगळी झाली. तरी लोक ‘तो फड’ म्हणून बोलत राहिले. मग हा ‘तो फड’ म्हणजे नेमकं काय? तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे असा प्रश्न पडला की आम्हाला गप्प बसवत नाही.

हा प्रश्न जुना आहे. पाली वाङ्मयात ‘मिलिंदपञ्हो’ नावाचा ग्रंथ आहे. मिलिंद हा ग्रीक राजा आणि नागसेन हा भिक्खू, यांचा तो संवाद. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ कशाला म्हणतोस? चाकाला? आसाला? दांडीला? जुवाला? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ठरतं ते असं, की हे सगळे भाग एकत्र जुळले की त्या जुळणीला आपण व्यवहारात ‘रथ’ हे नाव देतो. नाव खोटं नाही, पण भागांवाचून ते उभं राहत नाही. आपल्या जुन्नरच्या लेण्यांत ज्यांनी दान दिलं त्यांच्यात यवनही आहेत, त्यांची नावं तिथल्या शिलालेखांत कोरलेली आहेत. तेव्हा ग्रीक राजाचा दाखला या भागाला परका नाही, असं आम्ही समजतो.

आता रथाच्या जागी फड ठेवा. फड म्हणजे मालक का? मालक बदलतो. मुख्य नर्तकी का? तीही बदलते. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणं आणि झांज धरणारे सुरत्ये, सोंगाड्या, मावशी, सरदार, वग लिहिणारा, तंबू ठोकणारा, ट्रक चालवणारा, भात शिजवणारी बाई, यातला एकटा कोणी म्हणजे फड नव्हे. सगळे एका रात्री एका गावात जुळले, की फड. मोठ्या तंबूच्या फडात ही माणसं शंभराच्या घरात जातात. आमचं म्हणणं एका वाक्यात असं आहे: आपल्या समीक्षेने फडाच्या नावाला नमस्कार केला, एकदोन चेहऱ्यांवर करुणा केली, पण ज्या भागांनी फड चालतो त्यांच्याकडे कला म्हणून पाहिलंच नाही. पुढचं सगळं बोलणं या वाक्याचा खुलासा आहे.

आधी थोडा इतिहास. तमाशाचे दोन मोठे प्रकार आहेत. एक संगीत बारी. पुण्याचं आर्यभूषण थिएटर किंवा चौफुला ही तिची ठिकाणं. तिथे बारीची मालकीण, नाचगाणं आणि समोरचा रसिक, असा मामला असतो. दुसरा ढोलकी फडाचा तमाशा. यात बाया आणि पुरुष दोघेही असतात, आणि गण, गवळण, बतावणी असं करत रात्र वगापर्यंत जाते. नारायणगाव हे या दुसऱ्या प्रकाराचं माहेर. तिकडे सांगली जिल्ह्यात विटा, इकडे नारायणगाव, ही फडांची दोन मोठी केंद्रं.

नारायणगावकरांच्या फडाचा आरंभ विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे यांच्याकडे जातो. पुढच्या पिढीत भाऊ आणि बापू या दोन भावांनी तो चालवला. त्यातल्या भाऊंची मुलगी विठा. १९३५ च्या जुलै महिन्यात पंढरपूरला जन्मली म्हणून नाव विठा. शाळेपेक्षा फडातच ती वाढली. गाणं, नाच आणि वगातली भूमिका या तिन्ही गोष्टींवर तिची पकड होती, आणि ढोलकी फडात या तीन गोष्टी एका बाईकडे असणं म्हणजे फार मोठी गोष्ट. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून तिचा गौरव झाला. अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ ला ती वारली. २००६ पासून राज्य सरकार तिच्या नावाने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पहिला कांताबाई सातारकरांना मिळाला. पुढे तो मंगला बनसोडे यांनाही मिळाला. म्हणजे आईच्या नावाचा पुरस्कार लेकीला.

ही झाली रूपरेषा. आता फलकाकडे वळू.

‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर.’ हे नाव नीट वाचा. यात तीन गोष्टी आहेत: दोन भावांची घरगुती नावं, जात आणि गाव. खुडे हे आडनाव यात नाही. जात फलकावर का आली? त्या काळी गावगाड्यात ज्याला त्याला जातीने ओळखायची रीत होती, त्यामुळे आली, हे सरळ उत्तर. पण दुसरीही बाजू आहे. ज्या जातीला गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्या जातीचं नाव चार फुटी अक्षरांत रंगवून गावाच्या मध्यावर, देवळासमोरच्या पटांगणात लागत होतं, आणि ते बघून माणसं गर्दी करत होती. याला अपमान म्हणायचं की ठासून सांगणं? आम्हाला वाटतं दोन्ही. आणि एकच उत्तर निवडायची घाई समीक्षेने करू नये.

गावाचं नाव तर आणखी मजेशीर आहे. नारायणगावने या माणसांना काय दिलं याचा हिशेब वेगळा. पण या माणसांनी नारायणगावचं नाव कोल्हापूरपासून खानदेशापर्यंत फुकट पोचवलं. आज आपण अभिमानाने ‘तमाशा पंढरी’ म्हणतो. द्राक्षं आणि टोमॅटोचा बाजार नंतर गाजला, त्याआधी ते नाव ढोलकीवर गेलं.

दुसरे दोन फलक शेजारी शेजारी ठेवू. एक: ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे’. दुसरा: ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. दोन्हीकडे आई आणि मुलगा. दोन्हीकडे मधे ‘सह’. पण एकीकडे आई आधी आणि दुसरीकडे मुलगा आधी. तुकाराम खेडकर १९६४ साली गेले. त्यानंतर कांताबाईंनी पुन्हा स्वतःच्या बळावर फड उभा केला, आणि मुलगा त्याच मंचावर मोठा सोंगाड्या झाला. कांताबाई २०२१ च्या मे महिन्यात गेल्या. एवढा सगळा इतिहास त्या एका ‘सह’मध्ये बसलाय: वारसा कोणाकडून कोणाकडे, जबाबदारी कोणावर, गर्दी कोणाच्या नावावर येते. कवितेतल्या एका शब्दावर वर्गात तास घेतले जातात. या ‘सह’वर कोणी पानभर लिहिलेलं आमच्या वाचनात नाही.

यावर कोणी म्हणेल, अहो सर, फलक म्हणजे जाहिरात. बरोबर आहे. पण फडाची स्वतःच्या हाताने लिहिलेली हीच एक ओळ बाहेर पडते. बाकी त्यांच्याबद्दल दुसरेच लिहितात.

दुसऱ्यांनी काय लिहिलं? विठाबाईंचं नाव काढलं की एक प्रसंग हमखास सांगितला जातो. तुम्हालाही माहीत असेल. नऊ महिने भरलेले असताना ती मंचावर होती, मधेच कळा सुरू झाल्या, ती आत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा मंचावर आली. लोकांच्या लक्षात आल्यावर लोकांनीच खेळ थांबवून तिला विश्रांती घ्यायला लावली, असंही सांगणारे सांगतात. प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे. लेखांत, भाषणांत, मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींत तो शंभर वेळा येतो आणि ‘केवढी ही कलेवरची निष्ठा’ या वाक्याने संपतो.

इथे आमचा आक्षेप आहे. प्रसंगावर नाही, त्या शेवटच्या वाक्यावर. निष्ठा होतीच, ती कोण नाकारेल? पण निष्ठा म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. नऊ महिने भरलेली बाई त्या रात्री मंचावर का होती? कारण हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. त्या सात-आठ महिन्यांत वर्षाची भाकरी मिळवायची. कलावंतांनी हंगामाआधी उचल घेतलेली असते, मालकाने ती देण्यासाठी व्याजाने पैसे आणलेले असतात, गावाने इसार दिलेला असतो. मुख्य बाई उभी राहिली नाही तर त्या रात्रीचं बुडतं, आणि बोलणी खावी लागतात ती निराळी. ऊसतोड कामगारांची उचल आपण शोषण म्हणून ओळखतो. तमाशातली उचल दिसली की आपण टाळ्या वाजवतो. हा फरक का?

आणि दुसरा प्रश्न, समीक्षेचा. ती आत होती तेवढा वेळ मंच कोणी धरून ठेवला? मंच तर रिकामा राहिला नाही. सोंगाड्याने बतावणी लांबवली असेल. ढोलकीवाल्याने तुकडे वाजवून वेळ काढला असेल. झीलकऱ्यांनी सूर पडू दिला नसेल. हा अंदाज आहे, पण ढोलकी फडाची रीत माहीत असलेला कोणीही हाच अंदाज करील. कारण लिहिलेलं बाजूला ठेवून आयत्या वेळी रचणं हीच या कलेची मुख्य ताकद. म्हणजे ज्या प्रसंगात फडाची सामूहिक कला सगळ्यात जास्त कसाला लागली, त्याच प्रसंगातून आपण फड पुसून टाकला आणि एक बाई, एक दगड एवढंच ठेवलं. विठाबाईंचा यात सन्मान होतो, असं आम्हाला वाटत नाही. ती कशी गायची, शब्द कुठे तोडायची, वगात भूमिका बदलली की आवाज कसा बदलायचा, हे विचारलं तर सांगणारे थोडे. तिला किती सोसावं लागलं हे सांगणारे खंडीभर.

हे असं का झालं, याची कारणं शोधायला हवीत. आम्हाला तीन दिसतात.

पहिलं कारण आपल्या साहित्यविचारात आहे. तमाशाकडे मराठी समीक्षेने पाहिलं ते शाहिराच्या अंगाने. राम जोशी, अनंत फंदी, प्रभाकर, सगनभाऊ, होनाजी बाळा. यातलं शेवटचं नाव बघा. होनाजी बाळा हा एक माणूस नाही, ती जोडी आहे. होनाजी रचायचा, बाळा गायचा. नावात बाळा अजून आहे, पण पाठ्यपुस्तकात उतरला तो होनाजी. १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटाचा नायकही होनाजीच. कारण रचना कागदावर राहते, गळा राहत नाही. पुढे पठ्ठे बापूरावांचंही तेच. त्यांच्या लावण्या छापल्या गेल्या, म्हणून त्यांच्यावर अभ्यास झाला. हिवरगावकर पवळाबाईंचं नाव मात्र त्यांच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून येतं. कवी म्हणजे कलाकृती आणि बाकीचे म्हणजे सादरीकरण, ही वाटणी पुस्तकी आहे. फडात ती टिकत नाही. शिरूर तालुक्यातल्या कवठ्याचे बशीर मोमीन कवठेकर यांनी अनेक फडांसाठी गाणी आणि वग लिहिले. त्यांना २०१८ चा विठाबाई पुरस्कार मिळाला. त्यांचं लेखन वाचायला घेतलं की कळतं, ते ढोलकीला, सोंगाड्याला, समोरच्या गर्दीला जागा सोडून लिहिलेलं आहे. ती मोकळी जागा हासुद्धा लेखनाचा भाग आहे. तिची समीक्षा करायची तर फड बघावा लागतो.

दुसरं कारण सरकारी आहे. १९४८ च्या सुमाराला तेव्हाच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. कलावंतांनी विरोध केला. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि अटी घालून तमाशा पुन्हा सुरू झाला. तमाशा सुधारायचा, ‘स्वच्छ’ करायचा, संहिता तपासायची, असं धोरण आलं. आयत्या वेळी रचणाऱ्या कलेला कागद दाखव म्हणणं म्हणजे वाहत्या ओढ्याला सातबारा मागणं. त्याच सुमाराला ‘लोकनाट्य’ हा शब्द प्रतिष्ठित झाला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाचा घाट घेऊन कष्टकऱ्यांचं राजकारण उभं केलं, तेही याच दशकात. ते काम मोठंच होतं. पण पुढे शहरी रंगभूमीनेही हाच घाट उचलला. ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ चं, त्याने वसंत सबनीस आणि दादा कोंडके घराघरात पोचवले. १९७२ ला ‘पिंजरा’ आला. २०१० ला ‘नटरंग’. तमाशावरच्या कलाकृतींची समीक्षा झाली, भरपूर झाली. तमाशाची झाली नाही. फडांनी मात्र काळाची पावलं ओळखून आपल्या फलकावर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असं लिहून टाकलं. व्यवहार त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

तिसरं कारण तंत्राचं आणि वेळेचं. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. लावणी मावते, वग मावत नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रणात तमाशा म्हणजे लावणी एवढंच शिल्लक राहिलं आणि लोकांच्या मनातही तेच बसलं. पुढे रात्रच आखूड झाली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधनं आली. गण, गवळण, बतावणी आणि वग हा ऐवज उजाडेपर्यंतच्या रात्रीसाठी बांधलेला होता. रात्र तीन तासांची झाली की काय गळणार? जे हळूहळू फुलतं ते गळणार. वग गळला आणि चित्रपटातल्या गाण्यांवरचा नाच राहिला. मग आपण म्हणतो, तमाशा बिघडला, पूर्वीसारखा राहिला नाही. आम्ही म्हणतो, आधी घड्याळ बघा, मग नीतीकडे वळा. कलेचा घाट आणि तिला मिळणारा वेळ यांचं नातं हा समीक्षेचा साधा प्रश्न आहे. महाकाव्याला तीन मिनिटं देऊन त्याची परीक्षा कोणी घेत नाही.

इथे बाहेरचं एक उदाहरण देतो. स्कॉटलंडमध्ये बॅटलफील्ड बँड नावाचा लोकसंगीताचा गट होता. १९६९ ला ग्लासगो शहरात काही विद्यार्थी मित्रांनी तो काढला. नाव ऐकून लढाई आठवते, पण बॅटलफील्ड हा त्या शहरातला एक भाग आहे, ते तिथे राहायचे म्हणून हे नाव. म्हणजे आपल्या ‘नारायणगावकर’सारखंच. पुढची चाळीस वर्षं माणसं येत-जात राहिली. संस्थापकांपैकी शेवटचे ॲलन रीड २०१० मध्ये बाहेर पडले, तरी नाव पुढे चाललं. जुनी गाणी, फिडल आणि बॅगपाइप, जोडीला कीबोर्ड. आपल्या फडात ढोलकीशेजारी कीबोर्ड आला तेव्हा नाकं मुरडली गेली. तिकडे त्याच गोष्टीला शैली म्हटलं गेलं.

पण खरा फरक वेगळा आहे. त्या गटाच्या प्रत्येक टप्प्याच्या ध्वनिमुद्रिका आहेत, आणि कोण काय वाजवतं, कोण गातं हे त्यावर छापलेलं आहे. त्यामुळे तिथला समीक्षक सांगू शकतो, की अमका गेला आणि गटाचा आवाज असा बदलला. नागसेनाच्या रथासारखा तो भाग सुटे करून बघू शकतो. आपल्याकडे विठाबाईंच्या मागे ढोलकीवर कोण होतं, त्या माणसाने फड सोडल्यावर लावणीची लय कशी बदलली, हे सांगायला कागद नाही. आठवणी आहेत, आणि आठवणी सांगणारी माणसं म्हातारी झाली. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी उभ्या आहेत. आकाशातून येणारा क्षीणातला क्षीण रेडिओ संदेश तिथे टिपला जातो. त्याच परिसरातल्या राहुट्यांतला दणदणीत आवाज टिपायची सोय आपण केलेली नाही.

आता एक गंभीर आक्षेप. तो टाळून चालणार नाही. कोणी म्हणेल, हे सगळं जपायचं तरी कशाला? तमाशाने बायकांना काय दिलं? काही जातींच्या बायकांनी नाचायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, ही व्यवस्था जपायची का? हा आक्षेप आंबेडकरी चळवळीतून फार आधी आला. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचा मोडका साचा बाजूला सारून जलसा उभा केला, तो याच जाणिवेतून. अलीकडे इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशा, जात आणि ‘अश्लील’ हा शिक्का यांचं नातं फार बारकाईने उलगडलं आहे. त्यांचं म्हणणं वाचल्यावर ‘आपली थोर लोककला’ असं सहज तोंडातून निघत नाही. निघू नये.

हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. फक्त त्यातून निघणारा एक निष्कर्ष मान्य नाही. व्यवस्था अन्यायाची होती, म्हणून तिच्यात राबलेल्या माणसांचं कौशल्यही मोडीत काढायचं, असं केलं तर अन्याय दुप्पट होतो. गवंड्याला वेठीला धरून बांधलेल्या भिंतीचा दगड चोख बसलेला असू शकतो. तो कोणी बसवला हे विचारणं म्हणजे वेठीचं समर्थन नव्हे. उलट, विठाबाईंकडे केवळ सोसणारी बाई म्हणून पाहणं आणि केवळ नाचणारी बाई म्हणून पाहणं, यात आम्हाला फार अंतर दिसत नाही. दोन्हीकडे ती विचार करणारी कलावंत आहे, हे सुटतं. करुणेला समीक्षा समजू नका. करुणा वरून खाली बघते. समीक्षा समोर बसते आणि म्हणते, हे तू छान केलंस, इथे कमी पडलीस. विठाबाईंना पदकं मिळाली, पुरस्काराला नाव मिळालं, पण समोर बसून केलेली समीक्षा फारच थोडी मिळाली.

जपायचं ते काय, तेही स्पष्ट करतो. त्या घरात जन्मलं म्हणून नाचलंच पाहिजे, हे जपायचं नाही. मंगलाताईंनी आईचा वारसा चालवला तो स्वतःचा फड बांधून. त्यांच्यानंतरच्या मुलांनी डॉक्टर व्हावं, मास्तर व्हावं, हवं तर ढोलकी वाजवावी. जपायची ती विद्या: प्रसंग ऐकून जागच्या जागी संवाद रचण्याची, पाच हजार माणसांना एका सोंगाड्याच्या भुवईवर धरून ठेवण्याची, पाटलाच्या तोंडावर पाटलाची थट्टा करून सुखरूप घरी जाण्याची. ही विद्या कोणत्याही जातीच्या मुलामुलीला शिकता यावी. त्यासाठी आधी तिची नोंद हवी.

२०२० चा पाडवा आठवून बघा. तारीख २५ मार्च, देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. फडांचा सगळा हिशेब चैत्राच्या जत्रांवर असतो, आणि नेमका चैत्र गेला. पुढचा हंगामही धड झाला नाही. त्या काळात मदतीची आवाहनं झाली, काहींनी मदत केली, चांगली गोष्ट आहे. पण मंदी आली की मालक आधी काय कमी करणार? जे लोक मागत नाहीत ते. लोक गाणी मागतात, वग मागत नाहीत. मग वगातली माणसं घरी बसतात, आणि एकदा घरी बसलेला सोंगाड्या परत येईलच असं नाही.

म्हणून शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, इथल्या मंडळींसाठी. बैलगाडा शर्यत हा आंबेगाव, जुन्नर आणि खेडचा जीव की प्राण. २०१४ ला बंदी आली तेव्हा हा भाग स्वस्थ बसला नाही. कायदा झाला, तो अडला, लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि मे २०२३ ला घटनापीठाने कायदा कायम केला. शर्यत बरी की वाईट हा वाद आज बाजूला ठेवू. मुद्दा असा, की या भागाने ठरवलं तर हा भाग काय करू शकतो हे दिसलं. आणि घाटात काय होतं? प्रत्येक गाडामालकाचं नाव पुकारलं जातं. किती सेकंदांत बारी झाली ते पुकारलं जातं. घाटाचा राजा कोण, हे वर्षानुवर्षं लोकांच्या लक्षात राहतं. दिवसा हे सगळं होतं आणि त्याच यात्रेत रात्री ढोलकी वाजते, तेव्हा ढोलकीवाल्याचं नाव मात्र कोणी पुकारत नाही.

ते पुकारा. यंदा सुपारी द्यायला जाल तेव्हा तीन गोष्टी मागा. एक, पूर्ण वग मागा, आणि त्यासाठी खेळ लवकर सुरू करा. सात वाजता सुरू झाला तरी दहापर्यंत वगाला जागा होते. दोन, त्या रात्री मंचावर असलेल्या सगळ्यांची नावं एका कागदावर लिहून घ्या: ढोलकी, हलगी, सोंगाड्या, मावशी, झीलकरी, वगाचा लेखक, सगळे. ती गावच्या फलकावर लावा आणि कागद ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या वाचनालयात ठेवा. तीन, फडाची परवानगी आणि योग्य मोबदला देऊन वग सलग चित्रित करा. मोबाईलवर नाचाचे तुकडे नकोत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दहा गावांनी पाच वर्षं हे केलं, तर पुढच्या समीक्षकाच्या हातात काहीतरी असेल. त्याला दगडाच्या गोष्टीवर भागवावं लागणार नाही.

नागसेनाने राजाला शिकवलं ते एवढंच, की नाव घ्यायचं तर ते कशाच्या आधारावर उभं आहे हे माहीत असू द्या. नारायणगावकर हे नाव आपण फार वर्षं घेतलं. आता त्यामागची माणसं मोजू या.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि श्रोत्यांत कोणी फडात काम केलेलं असेल, तर कृपा करून आधी त्यांना बोलू द्या.